खंडेनवमीला करवत चालवत नाहीत

अर्बाबाने मला चीनला पाठवलं ते दगड बघायला नाही. दगड आमचाच होता. मला बघायच्या होत्या त्यांच्या करवती.

ओमानात रुसैलच्या कारखान्यांच्या वस्तीत आमचा संगमरवराचा कारखाना आहे. डोंगरातून दगडाचे ठोकळे येतात, एकेक टेम्पोएवढा. तो करवतीखाली ठेवायचा. करवत म्हणजे सुताराची नव्हे. लोखंडी चौकटीत पुष्कळ पाती शेजारी शेजारी ताणून बसवलेली असतात आणि ती सगळी एकदम पुढेमागे चालतात. वरून पाणी सोडलेलं. पाव कापावा तसा ठोकळा कापला जातो, फक्त ह्याला अख्खी पाळी लागते, कधी दोन. अशा चार करवती आमच्याकडे होत्या आणि चारींवर मुख्य मी. हे मी माझ्याच तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोण सांगणार?

शाळा माझी चौथीपर्यंत. नंतर गावाकडे, सिंधुदुर्गात, चिरेखाणीवर. जांभ्याचे चिरे तेव्हा हाताने पाडायचे. तिथून इथे आलो तो इथलाच झालो. दगड आतून फुटलेला आहे की धड, हे मला त्याच्यावर हातोडी वाजवली की कळतं. कारखान्यात माझ्या एका शब्दावर ठोकळा परत डोंगरात गेलेला आहे.

अर्बाब म्हणजे मालक. आमचा अर्बाब माझ्याच वयाचा, एका टिपरवर सुरुवात केलेला. आम्ही दोघं अर्धी अरबी आणि अर्धी हिंदी बोलतो. त्या बोलण्यात मानाचं 'तुम्ही' नसतं, दोघंही एकमेकाला 'तू'. मला तो 'सदीक' म्हणतो, म्हणजे दोस्त. एकदा दुपारी तो स्वतः करवतीपाशी आला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "सदीक, चीनमध्ये एक गाव आहे. सगळं गाव दगड कापतं. तिथून निरोप आलाय, ठोकळे तसेच्या तसे सोहारच्या बंदरातून पाठवा, आम्ही कापून देतो. स्वस्तात."

मी म्हटलं, "स्वस्त म्हणजे कसं असेल?"

"तेच बघून ये. काम आपल्यापेक्षा वाईट असलं तर विषय खलास. चांगलं असलं तर आपल्या करवती खलास. मला कागद नको, साहेबांचं इंग्रजी नको. तुझा शब्द पाहिजे."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या खोल्यांत पोचली. करवतींवर पोट असलेली माणसं तीसेक तरी होती. कोणी बिहारचे, कोणी बंगाली, कोणी पाकिस्तानचे, आणि आम्ही थोडे कोकणातले. माझ्या खोलीत माझा गाववाला होता, मीच त्याला इथे आणलेला. तो कपडे वाळत घालता घालता म्हणाला, "दादा, वायट आसा म्हणून सांग. कसाय असला तरी."

मी म्हटलं, "आधी बघू दे तरी."

"बघूक जा, पण सांगाचा काय ता हयसूनच ठरवन जा."

विमानाचं वर्णन करत नाही. बसलो आणि उतरलो.

त्या गावाचं नाव मला धड म्हणता येत नाही म्हणून लिहीत नाही. पहिली नजरेत भरली ती झाडं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची, पांढरीफेक. पानावर बोट ओढलं तेव्हा खालून हिरवं निघालं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्याला लागून कारखाना, सगळ्यांची दारं सताड उघडी, आणि प्रत्येक दारात करवत चालू. मला वाटलं पुढे गेलं की संपेल, पण गाडी चालत राहिली आणि ते संपेना. तोंडावर फडकी बांधलेल्या बाया लाद्या ढकलत होत्या. टपरीवर माणसं वाटीतल्या सुपावरची धूळ फुंकून बाजूला करायची आणि प्यायची, आपण दुधावरची साय करतो तशी.

आवाज थांबतच नव्हता. रुसैललाही आवाज आहे, पण दुपारी जेवणाला तो उतरतो, आणि शुक्रवारी करवतीच्या सावलीत कुत्री झोपतात. तिथे पाळी बदलायची ती करवत चालू ठेवून. एक माणूस हात काढायचा, दुसरा घालायचा.

ठोकळ्यांचं एक मोठं मैदान होतं. तुर्कस्तानचा दगड, इराणचा, आपल्या राजस्थानचा. एका कोपऱ्यात आमचा ओमानचा बदामी. कोणी तरी आधीच पाठवायला लागलं होतं. परक्या गावात आपल्या आळीतला माणूस भेटावा तसं मला झालं, पण त्याच्याशी बोलणार काय?

माझ्याबरोबर कंपनीचे खरेदीचे साहेब होते. पुण्याचे, मस्कतला अल् खुवैरच्या ऑफिसात बसतात. माणूस हुशार आणि मनाने चांगला. मला काका म्हणतात. माझं नवरात्र चालू होतं, तर ते रोज सकाळी कुठून कुठून केळी आणि शेंगदाणे पैदा करून आणायचे. "काका, साबुदाणा मात्र चीनच्या बापाला जमायचा नाही," म्हणाले.

ज्या कारखान्याशी बोलणं होतं त्याची मालकीण एक बाई होती. पन्नाशीची, केस कापलेले, पायात गमबूट, क्रेन स्वतः चालवायची. ऑफिसात झाडाच्या खोडाचं मोठं टेबल, त्यावर चहाच्या वाट्या इतक्या लहान की देवळात पळीभर तीर्थ देतात तेवढाच चहा मावायचा. पण वाटी रिकामी झाली की ती लगेच भरायची, आणि तोंडाने कामाचं बोलत राहायची. ती फोनमध्ये बोलायची आणि फोन आम्हाला हिंदीत सांगायचा. तिचा बाप छिन्नी-टाकीने दगड घडवायचा. करवती आल्या तेव्हा त्याची तीन बोटं गेली. हे तिने स्वतःच्या बोटांवर दाखवलं, फोनशिवाय. मला ती बाई आवडली. तिला तिच्या कामाचा गर्व होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

पुढे जे झालं ते नीट सांगतो, कारण त्याचं भलतंच काही लोक सांगतात.

परतायच्या आदल्या दोन दिवसांतली गोष्ट. बाईने आमचाच बदामी ठोकळा करवतीखाली लावून ठेवला, आपली माणसं बाजूला केली आणि मला हाताने खूण केली. फोन म्हणाला, "कृपया आप स्वयं चलाइए." कारागिराला कारागिराने दिलेला मान होता तो, मला कळत होतं.

पण त्या दिवशी खंडेनवमी होती.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून पाटावर ठेवतात. वर्षभर ती आपल्यासाठी झिजतात, त्या दिवशी त्यांना काम सांगायचं नाही. रुसैललाही आम्ही हे करतो. सकाळी तासभर चारी करवती बंद, पात्यांना कुंकू, झेंडू नसला तर बोगनवेल, आणि नारळ ओमानच्याच दक्षिणेकडचा, सलालाहचा. अर्बाबाने पहिल्या वर्षी विचारलं होतं, हे काय? मी म्हटलं, यंत्राची सुट्टी. तो म्हणाला, ठीक आहे, यंत्राने मागितली तर देतो, तुम्ही मागू नका. तासाभराने बाकीची माणसं कामाला लागतात. मी त्या दिवशी हात लावत नाही. चिरेखाणीवर लावला नाही, इथे लावला नाही.

मी हात पाठीमागे बांधले आणि उभा राहिलो.

बाईने पुन्हा खूण केली. मी मान हलवली.

साहेब हळूच म्हणाले, "काका, लावा ना हात. बाई ताटकळलीय."

"आज नाही."

"का हो?"

"आज नवमी."

"अहो, इथे कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

बाईने माझ्याकडे बघितलं, करवतीकडे बघितलं. मग तिचा भाऊ आला. दोघं आपसांत बोलले. बाईचा चेहरा उतरला, आणि तिने कॅल्क्युलेटर काढून साहेबांसमोर धरला. मी तसाच उभा. दगडाकडे बघत होतो, कारण तिच्याकडे बघायला मला बरं वाटत नव्हतं. तिने कॅल्क्युलेटर मागे घेतला, पुन्हा बटणं दाबली, पुन्हा धरला.

मी म्हटलं, "साहेब, तिला सांगा ना, आमचा सण आहे म्हणून."

साहेबांनी माझं कोपर घट्ट दाबलं. "नंतर सांगू, काका. आत्ता काही बोलू नका."

हॉटेलवर येईपर्यंत मला उलगडा झाला नव्हता. बाईला वाटलं, म्हाताऱ्याला करवत पसंत नाही, हातसुद्धा लावायची इच्छा नाही. म्हणून तिने कापायचा भाव दोनदा उतरवला. साहेबांचा आनंद खोलीत मावत नव्हता. "काका, इतकी वर्षं खरेदीत काढली, पण पाठीमागे हात बांधून भाव पाडणारा माणूस आजच बघितला!"

"मी भाव पाडला नाही."

"पडला तर खरा!"

मला त्यांचा राग आला, पण त्यांची नोकरीच ती. रागापेक्षाही एक गोष्ट मनात घुसली. तिचा भाव जेवढा खाली, तेवढ्या आमच्या करवती बंद पडायला सोप्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी मी आपणहून गेलो, करवतीच्या पाया पडलो आणि चालवली. बाई बघत राहिली. तिला काय वाटलं असेल देव जाणे. काल नाक मुरडणारा म्हातारा आज नमस्कार करतोय. संध्याकाळी लादी उतरली. मी तिच्यावर हात फिरवला, डोळे मिटून पुन्हा फिरवला. एकही लाट, म्हणजे पात्याने सोडलेला उंचसखलपणा, हाताला लागली नाही. आमच्या लादीला लागते. बारीक असते, आम्ही पॉलिशने झाकतो, पण ती असते.

साहेब तिचा एक तुकडा घेऊन मस्कतला परतले. माझी रजा आधीच मंजूर होती. मी तिथूनच मुलीकडे अमेरिकेला गेलो. अर्बाबाने फोनवर सांगितलं, "नातवाला बघ, आराम कर. परत आल्यावर बोलू. तोवर काम कसं आहे ते मी साहेबांनाही विचारत नाही."

म्हणजे जो शब्द चीन बघून लगेच अर्बाबाला द्यायचा, तो खिशात घालून मी अमेरिकेला गेलो.

मुलगी तिथल्या एका लहान इस्पितळात नर्स आहे. आमची मंडळी बाळंतपणासाठी आधीच गेली होती. गाव म्हणजे एक रस्ता, त्याला एकच सिग्नल, तोही नुसताच लुकलुकणारा. एक चर्च, एक दुकान. बाकी झाडं, लाल-पिवळी झालेली, पानं गळत होती. रस्त्याच्या कडेला टेबलावर भोपळे मांडलेले, शेजारी पैसे टाकायला डबा. विकणारा कोणी नाही. गाडीतून जाणारा प्रत्येक माणूस हात दाखवायचा. मंडळी म्हणाली, "पहिल्या दिवशी मला वाटलं, माझा पदर चाकात अडकलाय की काय, सगळेच खुणावतायत!"

पहिल्या सकाळी मी अंगणात उभा राहिलो आणि माझे कान दुखायला लागले. खोटं सांगत नाही. पान पडलं तर ऐकू येत होतं. चीनमध्ये कानात कापूस घालून झोपलो होतो, इथे मला झोपच लागेना.

शेजारी एक म्हातारा एकटा राहायचा. माझ्याहून थोडा मोठा, उंच, पाठीत वाकलेला. मुलीने त्याला सांगितलं की बाबा दगड कापतात. तो कुंपणापाशी आला, माझा हात हातात घेतला, उलटा केला, तळवा बघितला आणि मग आपला तळवा माझ्यासमोर धरला. तोही करवतवालाच. मला त्या गावाचं माहीत नव्हतं. ते ग्रॅनाइटचं गाव होतं. थडग्यांचे दगड तिथून सगळ्या मुलखात जायचे.

त्याने आम्हाला त्याच्या गाडीत घातलं. खाण बघितली. तिच्यात काठोकाठ पाणी, हिरवंगार, वर बदकं. मग शेड. लांबलचक, पत्र्याची. आत आमच्यासारख्याच करवती, आमच्याहून थोरल्या. गंजून लाल झालेल्या. छपराला पाखरांची घरटी. म्हाताऱ्याने चौकटीवर हात ठेवला. मीही ठेवला. मुलगी मधे उभी, सांगायला तयार, पण सांगायला काही नव्हतं.

मग मी विचारलं, "बंद पडल्या तेव्हा मालक काय म्हणाला?"

मुलीने त्याचं सांगितलं ते असं: मालक म्हणाला, जरा दिवस वाईट आहेत, बाहेरून कापून आणू, बाजार सुधारला की परत सुरू करू. बाजार सुधारला. पण तोवर पाती ताणणारं माणूसच गावात उरलं नव्हतं. एक जण होता, त्याची दृष्टी गेली होती. पोरं ट्रकवर गेली. हा स्वतः शाळेची बस चालवायला लागला.

तिथून तो आम्हाला दफनभूमीत घेऊन गेला. गवत कापलेलं, चहूकडे शांत. एका करड्या दगडापाशी थांबला. त्यावर बायकोचं नाव, खाली जन्माचं साल आणि मरणाचं. शेजारी ह्याचं स्वतःचं नाव, जन्माचं साल आणि पुढे कोरी जागा. जिवंत माणसाचं नाव! मंडळी पुटपुटली, "शिव शिव शिव." पण तिथे ती रीतच आहे. तो ह्या दगडाकडे इतक्या प्रेमाने बघत होता की मी निरखून पाहिलं, आणि मला कळलं. कडा, पाठ, सगळं त्याच्या शेडमध्ये कापलेलं होतं. शेवटी शेवटी, बंद पडायच्या आधी. पुढच्या ओळीत नवे दगड होते, काळे, आरशासारखे, फुलं कोरलेले. त्यांच्याकडे त्याने नुसतं बोट दाखवलं.

मी म्हटलं, "चीन?"

"चीन," तो म्हणाला, आणि पुढे काही तरी बोलला. मुलगी जरा घुटमळली. मी म्हटलं, सांग. "बाबा, ते म्हणतात, कापतात चीनमध्ये, पण हा काळा दगड तुमच्या देशातला."

मी खाली बसून हात लावला. खरंच होता. दक्षिणेतला काळा, मी ओळखतो.

मला ती दोन गावं अजून डोळ्यांसमोर येतात. चीनचं ते गाव मला आवडलं नाही, तिथे माणसाला श्वास घ्यायला सवड नाही आणि घेतला तर त्यात दगड. हे गावही आवडलं नाही. भोपळ्यांपाशी माणूस नाही आणि करवतीपाशीही नाही. लोक म्हणतात अमेरिका शांत आहे, हवा चांगली आहे. आहे ना. पण ती शांतता मी आत जाऊन बघितली, तिला गंजाचा वास येत होता. आणि तरी मला राग कोणाचा आला नाही. बाईचा येईना, तिच्या बापाची बोटं गेली होती. म्हाताऱ्याचा तर येणारच नव्हता.

जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, वाईट कापतात म्हणून सांगून टाका ना. तीस माणसांचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, "लादीचा तुकडा अर्बाबाच्या टेबलावर पोचलाय. त्याला डोळे आहेत."

"डोळे आहेत, पण तो तुमच्या शब्दाला मानतो."

"म्हणूनच."

"मग तुम्ही इकडेच या राहायला. पुष्कळ झाली करवत."

मंडळी वाढता वाढता म्हणाली, "हे राहतात! इथे ह्यांना झोप लागत नाही. रात्रभर माझ्या मिक्सरची वाट बघतात."

परत आलो त्या शुक्रवारी अर्बाबाने मला ऑफिसात नाही, त्याच्या गावी बोलावलं. डोंगराच्या पायथ्याला त्याची खजुराची बाग आहे. पाटाचं पाणी झाडांतून वाहत असतं. त्या पाटाला फलज म्हणतात, त्याच्या पाण्याच्या पाळ्या गावाने पिढ्यान्पिढ्या वाटून घेतलेल्या. चटईवर बसलो. कहवा आला, खजूर आला. लादीचा तुकडा त्याने सोबत आणला होता, चटईवर मधोमध ठेवला.

"बोल, सदीक."

"त्यांचं काम आपल्यापेक्षा चांगलं आहे."

त्याने खजुराची बी तोंडातून काढली. "किती चांगलं?"

"हात फिरव. लाट लागत नाही. आपली लागते."

"आणि भाव तू पाडलास म्हणे. करवतीला हातही लावला नाहीस, बाई घाबरली!" तो हसायला लागला.

"मी भाव पाडत नव्हतो. आमचा सण होता."

हे ऐकून तो इतका हसला की डोळे पुसायला लागला. मी हसलो नाही. ते बघून तो थांबला.

"राग आला?"

"राग नाही. पण एक विचारतो. ही बाग कशाला ठेवलीस? बाजारात खजूर ह्याहून स्वस्त मिळतो. चांगलाही मिळतो."

"बाग बापाने लावली. करवती मी विकत आणल्या. दोन्ही एक नाही."

"लावली बापाने. पण झाडावर चढतो तो बंगाली. उद्या तो गेला तर घड कोण उतरवणार? तुझा मुलगा?"

त्याचा मुलगा मस्कतला बँकेत आहे. मी अमेरिकेतल्या शेडचं सांगितलं. पाती ताणणारं माणूस उरलं नाही, हे दोनदा सांगितलं. "तू म्हणशील, बाजार बदलला तर परत सुरू करू. करवत राहील. हात राहणार नाहीत."

पाण्याचा आवाज येत होता. तो बराच वेळ त्या तुकड्यावर अंगठा घासत बसला. मग म्हणाला, "एक करवत ठेवू. इथल्या कामाला. मशिदीच्या पायऱ्या, लोकांचे जिने, स्वयंपाकघरं. मोठे ठोकळे जहाजावर."

"दोन ठेव."

"एक."

"दोन. एकीवर नवा माणूस तयार होत नाही, सगळे घाईतच असतात."

"आत्ता भाव करतोयस?"

"आत्ता करतोय."

तो पुन्हा हसला नाही. "एक. आणि ती तू चालवणार असशील तर. नाही तर तीही नको. तुझ्या हाताखाली कोण राहणार, त्यांची नावं सांग."

"नावं मी सांगणार नाही."

"मग ऑफिस ठरवेल."

"ठरवू दे. माझ्या तोंडातून कोणाचं नाव जाणार नाही, राहायचंही नाही आणि जायचंही नाही."

ह्यावर मी हटलो नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही. कोणी मला म्हणतं, निदान चांगल्या माणसांची नावं द्यायची. चांगला कोण नव्हता?

ऑफिसने व्हिसा बघून ठरवलं. ज्यांचा संपत आला होता ते आधी. माझ्या गाववाल्याचा त्याच महिन्यात संपत होता.

मी खोलीवर जाऊन सगळं स्वतः सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून. तो खाटेवर बसून ऐकत होता.

"म्हणजे तू तोंडान सांगलंस, तेंचा बरा आसा म्हणून?"

"होय."

"तुका एक खोटा बोलाक जमाक नाय? एक?"

"नाही."

"आणि भाव पण तूच पाडलंस. तुझ्या खंडेनवमीन आमका घरी बसयल्यान." मग म्हणाला, "तुझी करवत रवली मात्र."

हे मला लागलं. लागलं म्हणून सांगतो, खोटं होतं म्हणून नव्हे. मी त्याला म्हटलं नाही की मी दोन मागत होतो. मागितलेल्याचं काय सांगायचं? मिळालं ते एक.

तो जाईपर्यंत आम्ही एकाच खोलीत होतो. एकाच स्टोव्हवर त्याचं वेगळं पातेलं, माझं वेगळं. इतक्या वर्षांत कढी त्याची आणि भात माझा असं असायचं. तो जायच्या दिवशी मी त्याची बॅग बसपर्यंत उचलली. त्याने उचलू दिली. बसमध्ये तो पलीकडच्या खिडकीला बसला.

तीन करवतींची वीज तोडली तेव्हा शेडमध्ये मी एकटाच नव्हतो, बाकीचेही उभे होते. आवाज एकदम गेला नाही. एक एक करून उतरला. शेवटी एकच राहिली आणि ती फार मोठी वाजायला लागली. एक पठाण मिस्त्री म्हणाला, "चाचा, ये तो चिल्ला रही है." मी म्हटलं, चिल्लाने दो.

आता मी तीच चालवतो. हाताखाली दोघं आहेत, शिकतायत. मी त्यांना पाती ताणायला लावतो, नको असतील तेव्हासुद्धा सैल करून परत ताणायला लावतो. ते माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू देत. लादीला लाट अजून लागते. कमी झालीय, पण लागते.

लोक विचारतात, परत वेळ आली तर? परत तेच. नवमीला हात लावणार नाही, आणि विचारलं तर खरं तेच सांगेन. माझ्या शब्दावर ठोकळे डोंगरात परत जात होते ते उगाच नाही. पण त्या शब्दाची किंमत माझ्यापेक्षा दुसऱ्यांनी जास्त भरली, हेही खरं, आणि ते मी रोज ज्या तीन गप्प चौकटींच्या मधून चालत जातो त्या मला विसरू देत नाहीत.

परवा दुपारच्या पाळीत फोन वाजला. गाववाला. गेल्यापासून पहिल्यांदा. गावी आता चिरेसुद्धा मशीनने कापतात, तो तिथे मशीन दुरुस्त करतो हे मला मंडळीकडून कळलं होतं. कसा आहेस नाही, काय चाललंय नाही. एकदम म्हणाला, "सुरू आसा मां?"

"आहे."

"आयकव."

मी फोन करवतीकडे धरला. हात दुखेपर्यंत धरला. परत कानाला लावला तर तो अजून ऐकतच होता.

मग म्हणाला, "दादा, डावीकडचा पाता ढिला वाजता हा."

"मेल्या, तिथे बसून मला शिकवतोस?"

"शिकयत नाय. आयकाक येता ता सांगतंय." आणि फोन ठेवून दिला.

मी करवत थांबवली. पोरं बघायला लागली. डावीकडचं पातं हाताने वाजवून बघितलं, शेजारचं वाजवून बघितलं. पातं बरोबर होतं. मी तरी पाना घेतला, अर्धा फेरा दिला आणि पाणी सोडायला सांगितलं.